तीरकामठा, राखीव जंगल आणि नेमाचा सराव : विधिभाषेतील एका अनुल्लेखाचा इतिहास

इ. स. १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन गव्हर्नर जनरल असताना, हिंदुस्थान सरकारने जे अधिनियम संमत केले त्यांतील दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. त्या वर्षीचा सातवा अधिनियम जंगलांविषयीचा होता आणि अकरावा शस्त्रांविषयीचा. पहिल्याने भूमीची वर्गवारी केली, दुसऱ्याने वस्तूंची. दोहोंमागील हेतू वेगळे, त्यांच्या अंमलबजावणीची खातीही वेगळी. तथापि जंगलाच्या कडेने राहणाऱ्या आणि खांद्यावर धनुष्य अडकवून वावरणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात ते दोन्ही एकदमच शिरले. हा मनुष्य शिकार करीत असेल तर त्याचे काय करावयाचे, हे पहिल्या अधिनियमात सापडते. तो बंडात सामील असेल तर काय करावयाचे, हे दुसऱ्यात. परंतु तो यांपैकी काहीच करीत नसेल, एखाद्या वाळलेल्या खोडावर किंवा गवताच्या पेंढीवर केवळ नेम धरून हात बसवीत असेल, तर त्याचे ते कृत्य वैध की अवैध? या प्रश्नाला दोन्ही अधिनियमांत सरळ उत्तर नाही. ते पुढील दीडशे वर्षांतही कोणी सरळ दिलेले नाही.

हा अनुल्लेख क्षुल्लक आहे असे म्हणता येणार नाही. कोणत्याही कौशल्याला सरावाची जागा लागते, आणि सातपुड्यातील किंवा दक्षिण राजस्थानातील आदिवासी मुलाला ती जागा गावालगतच्या जंगलाखेरीज अन्यत्र क्वचितच मिळते. कायद्याने शिकारीला नाव दिले, शस्त्रालाही दिले. सरावाला मात्र दिले नाही. ज्या कृत्याला विधिभाषेत नाव नाही ते कृत्य शेजारच्या एखाद्या नावाखाली ओढले जाते, आणि कोणत्या नावाखाली ओढले जावे हे बहुधा जागेवरच्या पहारेकऱ्याच्या मर्जीवर राहते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या शेजारच्या नावांवर आहे.

त्यासाठी प्रथम इंग्लंडकडे वळणे अवश्य आहे. हिंदुस्थानातील वनप्रशासनाची शास्त्रीय बैठक डीट्रिख ब्रँडिससारख्या जर्मन वनशास्त्रज्ञांनी घातली हे खरे. पण अधिनियमांची भाषा इंग्रजी विधिपरंपरेतून आली, आणि त्या परंपरेत 'जंगलातील धनुष्य' हा विषय फार जुना आहे. तेथे त्या विषयाला एकदा, तेराव्या शतकात, विलक्षण नेमके उत्तरही मिळाले होते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' हा शब्द झाडीचा वाचक नव्हता. राजाच्या विशिष्ट कायद्याखाली आणलेला प्रदेश, एवढाच त्याचा अर्थ. त्यात माळ असे, शेते असत, आख्खी गावेही असत. लॅटिन 'फोरिस', म्हणजे 'बाहेर', या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. सामान्य कायद्याच्या बाहेर ठेवलेली भूमी ती 'फॉरेस्टा'. (आपल्याकडील 'जंगल' हा शब्दही मुळात दाट अरण्याचा नव्हे. संस्कृत 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. दोन्ही शब्दांना झाडे मागाहून चिकटली, हा योगायोग भाषाभ्यासकाला लक्षणीय वाटावा.) या राजवनांत हरणांचे आणि त्यांच्या चाऱ्याचे रक्षण हा कायद्याचा गाभा होता. दुसऱ्या हेन्रीने ११८४ मध्ये वुडस्टॉक येथे जो वनविषयक आदेश काढला त्यात राजाची किंवा अन्य अधिकारी व्यक्तीची हमी असल्याखेरीज कोणीही राजाच्या वनात धनुष्य, बाण किंवा शिकारी कुत्री बाळगू नयेत असे सांगितले आहे. येथे कृत्याचा विचारच नाही. वस्तू आणि स्थळ एकत्र आले की अपराध पूर्ण झाला. त्या वस्तूने कोणी काय केले हे पाहण्याचे कारण उरत नाही.

परंतु त्याच राजसत्तेला धनुर्धारीही हवे होते. सरदार घोड्यावरून लढत. सामान्य शेतकऱ्याच्या हाती देता येईल असे स्वस्त आणि परिणामकारक शस्त्र म्हणजे धनुष्यच. त्यामुळे राज्य एका हाताने धनुष्य हिरावून घेते आणि दुसऱ्या हाताने ते घेण्याची सक्ती करते, असा विसंगत व्यवहार सुरू झाला. पहिल्या एडवर्डने १२८५ मध्ये केलेला विंचेस्टरचा कायदा ही विसंगती सोडविण्याचा प्रयत्न करतो. प्रत्येक पुरुषाने आपापल्या मालमत्तेच्या मानाने कोणती शस्त्रे घरी ठेवावीत याची श्रेणीवार यादी त्यात आहे. श्रेणीच्या अगदी तळाशी ज्यांच्याजवळ फारसे काही नाही अशी माणसे येतात. त्यांना शक्य असल्यास धनुष्य ठेवावयाचे आहे. मात्र वनाबाहेर राहणाऱ्यांनी धनुष्य आणि बाण, आणि वनात राहणाऱ्यांनी धनुष्य आणि 'पिलेट'. या फ्रेंच शब्दाचा अर्थ सामान्यतः बोथट टोकाचा बाण असा घेतला जातो.

या एका शब्दापाशी थांबले पाहिजे. वुडस्टॉकच्या आदेशाने धनुष्य आणि वन यांची गाठच अपराध ठरविली होती. शंभर वर्षांनी विंचेस्टरच्या कायद्याने ती गाठ सोडविली, आणि तीही अवजाराच्या टोकापाशी. बोथट बाणाने हरीण पडत नाही. पण धनुष्य खेचण्याची ताकद, सुटका, अंतराचा अंदाज, वाऱ्याचा हिशेब हे सर्व त्याने शिकता येते. म्हणजे वनवासी मनुष्याला सराव करू द्यावयाचा, पण शिकार करू द्यावयाची नाही, हा भेद विधिकर्त्यांच्या मनात स्पष्ट होता आणि तो त्यांनी शब्दांत उतरविला. सराव असे नाव त्यांनी उच्चारले नाही. परंतु त्याला जागा ठेवली. विधिभाषेत इतकी बारीक दृष्टी नंतरच्या काळात या विषयाला लाभलेली दिसत नाही.

दरम्यान १२१७ च्या वनसनदेने हरणाच्या वधासाठी प्राण किंवा अवयव घेण्याची शिक्षा बंद केली होती, आणि पुढे राजवनांचा विस्तारही आटत गेला. सरावाची सक्ती मात्र वाढतच गेली. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये शेरिफांना आज्ञा पाठविली की, प्रत्येक धडधाकट पुरुषाने सणावारी मोकळ्या वेळी धनुष्यबाणाचा खेळ खेळावा. चेंडूचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजी वगैरे व्यर्थ करमणुकींत वेळ दवडू नये. १३८८ च्या कायद्याने नोकर-मजुरांवर रविवारी व सणाच्या दिवशी धनुष्याचा सराव लादला. आणि अवघ्या दोन वर्षांच्या आत, वर्षाला चाळीस शिलिंगांचे जमीनउत्पन्न नसलेल्या सामान्य माणसाला शिकारी कुत्री आणि शिकारीची साधने बाळगण्यास मनाई करणारा दुसरा कायदा झाला. ज्या हाताने बाण सोडावयाचा तो तयार हवा, पण तो राजाच्या लढाईखेरीज कोठेही सुटता कामा नये, असा हा एकंदर आग्रह होता.

आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात या धोरणाचे सर्वांत तपशीलवार रूप दिसते. साठ वर्षांखालील धडधाकट पुरुषांनी धनुष्य बाळगावे व सराव करावा. सात ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी बापाने एक धनुष्य आणि दोन बाण घरात ठेवावेत, सतरानंतर चार. चोवीस वर्षांवरील पुरुषाने दोनशेवीस यार्डांहून जवळच्या खुणेवर त्या जातीचे हलके बाण सोडू नयेत. आणि प्रत्येक गावाने नेमासाठी मातीचे बुरूज उभारावेत. या कायद्याच्या शीर्षकातच 'आर्टिलरी' हा शब्द आहे आणि तेथे त्याचा अर्थ धनुष्यबाण असा आहे. तोफखान्याचा अर्थ त्याला पुढे एकट्याने व्यापला. महत्त्वाचा मुद्दा असा की, येथे सरावाची जागा ठरवून देण्यात आली. ती गावाची होती आणि गावाने राखावयाची होती. राजवनाशी तिचा संबंध नव्हता. लंडनकरांना तर सरावाच्या जागेचे महत्त्व इतके पटलेले होते की, हेन्रीच्या राजवटीच्या आरंभीच्या वर्षांत इस्लिंग्टन, हॉक्स्टन, शोअरडिच या भागांतील मोकळ्या शेतांना कुंपणे घातली गेली तेव्हा नागरिकांनी कुदळी-फावडी घेऊन ती जमीनदोस्त केली. एडवर्ड हॉल या बखरकाराने हा प्रसंग नोंदविला आहे. राजाने ज्या सरावाची सक्ती केली त्याच सरावाच्या आधारे प्रजेने भूमीवर हक्क सांगितला, ही गोष्ट राजाच्या हिशेबात बहुधा नव्हती.

इंग्लंडातील ही परंपरा एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आली तेव्हा तिच्यातील सक्ती गळून पडली होती, कारण बंदुकीपुढे धनुष्याचे लष्करी मोल राहिले नव्हते. राहिली ती फक्त मनाई.

येथील परिस्थिती आधी कशी होती याविषयी एक आख्यान सर्वांना परिचित आहे, पण ते या दृष्टीने क्वचितच वाचले जाते. आदिपर्वातील निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य द्रोणाने नाकारल्यावर वनात जातो आणि मृत्तिकेच्या द्रोणमूर्तीसमोर सराव करतो. त्याच वनात पांडव मृगयेसाठी येतात. त्यांच्या कुत्र्याचे तोंड एकलव्य बाणांनी बंद करतो. पुढील कथा सांगण्याचे कारण नाही. या संपूर्ण प्रसंगात शिकारी आहेत ते राजपुत्र, आणि सराव करणारा आहे तो निषाद. वाद होतो तो विद्येच्या अधिकाराचा. हे वन कोणाचे, तेथे बाण सोडण्याची अनुज्ञा कोणाकडून घेतली, हा प्रश्न अर्जुन विचारीत नाही, द्रोणही विचारीत नाही. आख्यान हा कायद्याचा पुरावा नव्हे. तथापि ज्या समाजात ते रचले गेले त्याला हा प्रश्न सुचण्याजोगा वाटला नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

खानदेश, सातपुडा, डांग या टापूंत धनुष्य हे भिल्लांच्या केवळ हातात नव्हते, ते त्यांच्या नावातही असावे असे मानले जाते. 'भिल्ल' हा शब्द द्राविड 'विल्' किंवा कन्नड 'बिल्लु', म्हणजे धनुष्य, यापासून निघाला ही व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारली आहे. मराठीत या साधनाला 'तीरकामठा' म्हणतात. कामठा बांबूचा, त्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूच्याच सालपटाची. बाणाचे पाते लोखंडी असते. परंतु पक्ष्यांसाठी बोथट टोकाचा बाण वापरण्याची रीत भिल्लांत आणि देशातील अन्य आदिवासी जमातींतही आढळते. म्हणजे १२८५ च्या इंग्लिश कायद्याने जो भेद शब्दांत केला तो येथे कारागिराच्या हातात तयारच होता. कायदा करणाऱ्यांनी त्याकडे पाहिले नाही.

त्यांनी पाहिले ते बंडाकडे. १८१८ नंतर खानदेशात भिल्लांचा प्रतिकार मोडण्यात कंपनी सरकारची बरीच वर्षे गेली. १८२५ मध्ये औट्रमच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभारून त्यांतील काहींच्या हाती सरकारी बंदूक देण्यात आली. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे एकामागून एक झाले आणि त्यांची परिणती १८७८ च्या शस्त्र अधिनियमात झाली. त्या अधिनियमातील 'शस्त्रे' या संज्ञेची व्याख्या समावेशक आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, आणि त्यांच्याच मालिकेत धनुष्य व बाण; पुढे तोफाही. बांबूची काठी वाकवून केलेला कामठा आणि तोफ एका वाक्यात बसली.

तरीही या अधिनियमाचा बारकाईने विचार केला तर एक फट दिसते. परवान्याशिवाय ताब्यात ठेवण्यास सर्वत्र मनाई होती ती तोफा, बंदुका, दारूगोळा यांना. धनुष्याच्या बाबतीत मुख्य मनाई होती ती ते घेऊन 'सशस्त्र फिरण्याला'. घरातील खुंटीवर टांगलेला कामठा सामान्यतः निर्दोष, तोच खांद्यावर आला की परवान्याचा विषय. सराव हा घरात होत नाही. खेरीज व्यक्तींना, वर्गांना, शस्त्रप्रकारांना किंवा एखाद्या प्रदेशाला अधिनियमातून वगळण्याची सत्ता सरकारने आपल्याकडे राखली होती. तेव्हा एखाद्या भागात तीरकामठा घेऊन फिरणे चालत असेल तर ते हक्क म्हणून नव्हे, सवलत म्हणून चालत होते. सवलत काढून घेता येते, हा त्यातील खरा आशय.

त्याच वर्षीच्या वन अधिनियमाने हीच गोष्ट भूमीच्या बाजूने साधली. शासनाने एखादा प्रदेश राखीव वन करण्याचा इरादा जाहीर करावयाचा, वन जमाबंदी अधिकाऱ्याने दावे मागवावयाचे, चौकशी करावयाची, आणि मुदतीत ज्याचा दावा आला नाही व चौकशीतही जो आढळला नाही असा हक्क, काही अपवाद सोडून, संपुष्टात आला असे समजावयाचे. या चौकशीत ज्या हक्कांना स्वतंत्र नावे होती ते म्हणजे वहिवाटीचा रस्ता, गुरचराई, वनोपज आणि पाण्याचा प्रवाह. ज्याने नेमासाठी पिढ्यान्‌पिढ्या एखादे माळरान वापरले असेल त्याने दावा कोणत्या शीर्षकाखाली करावयाचा? जमिनीवरील हक्क म्हणावे तर त्याने ती कसली नाही. वनोपज म्हणावे तर त्याने तेथून काही आणले नाही. भूमीवर काहीही न घेता, काहीही न पेरता वावरण्याचा हा हक्क. इंग्लंडमध्ये गावकऱ्यांच्या खेळाच्या रूढ हक्काला न्यायालयांनी मान्यता दिली होती. जंगल जमाबंदीच्या रकान्यांत त्याचा मागमूस नाही. बेडन-पॉवेल यांनी राज्याने दिलेली सवलत आणि प्रजेचा हक्क यांत जो कठोर भेद केला, आणि ज्याला ब्रँडिस यांची पूर्ण संमती नव्हती, त्या वादातही हा विषय आला असता तर तो अर्थातच सवलतीच्या बाजूला पडला असता.

१९२७ च्या वन अधिनियमाने १८७८ ची चौकट बव्हंशी कायम ठेवली. त्यातील सव्विसाव्या कलमाच्या मूळ पाठात राखीव वनातील निषिद्ध कृत्यांची यादी आहे. सरावाशी संबंध लागेल अशी तीनच पदे तीत सापडतात. पहिले अनधिकृत प्रवेशाचे. ज्याला राखीव वनात जाण्याची कोणतीही वहिवाट नाही त्याच्यावर ते सरळ लागू पडेल. मग त्याच्या हातात धनुष्य असो की बासरी. दुसरे झाडाला इजा करण्याचे. उभ्या झाडाच्या खोडात लोखंडी पाते रुतविणे ही इजाच होय. गवताच्या पेंढीवर नेम धरणाऱ्याला ते लागू नाही. तिसरे पद मात्र भाषाशास्त्रीय दृष्ट्या अवघड आहे. शासनाने केलेल्या नियमांचा भंग करून जो शिकार करतो, 'शूट' करतो, मासेमारी करतो, पाणी विषारी करतो किंवा सापळे-फासे लावतो तो अपराधी, असा त्याचा आशय.

इंग्रजीत 'शूट' हे क्रियापद बंदुकीहून शेकडो वर्षांनी जुने आहे. वेगाने सोडणे, फेकणे हा त्याचा मूळ भाव. बाणाशी त्याचा संबंध पहिला, गोळीशी नंतरचा. शिवाय ते कर्मासह आणि कर्माविना असे दोन्ही प्रकारे चालते. हरीण मारणाराही 'शूट' करतो आणि फळीवर नेम मारणाराही. तेव्हा केवळ शब्दार्थ पाहिला तर राखीव वनात सोडलेला प्रत्येक बाण या पदात येईल. परंतु कायद्याच्या अर्थनिर्णयाचा एक सर्वमान्य दंडक असा की, शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतच्या शब्दांवरून ठरवावा. येथील सोबती कोण आहेत? शिकार, मासेमारी, विष, सापळा. सर्वांचे लक्ष्य जिवंत प्राणी आहे. मग मधल्या एकाच शब्दाचे लक्ष्य गवताची पेंढी कसे असेल? शिवाय नियमभंग ही अट आहेच. नियमच शिकारीविषयीचे असतील तर निर्जीव खुणेवरील नेम त्यांत बसत नाही. हा अर्थ अधिक सयुक्तिक आहे. पण तो युक्तिवाद न्यायालयात करावयाचा असतो, आणि ज्याचा कामठा नाक्यावरच काढून घेतला गेला तो मनुष्य तेथपर्यंत सहसा पोचत नाही.

मराठीत ही संदिग्धता मुळात उद्भवत नाही, हे नमूद करण्याजोगे आहे. 'पारध' आणि 'शिकार' यांत प्राणी अध्याहृतच असतो. 'नेम धरणे', 'नेम मारणे' यांत तो नसतो. मराठीतील 'नेम' हा शब्द लक्ष्यवेधालाही वापरतात आणि नियमालाही. नित्यनेम, नेमधर्म हे प्रयोग त्याची साक्ष देतात. सराव म्हणजे या दोन्ही अर्थांचा नेम. इंग्रजी मसुद्यातील एका क्रियापदाने जे दोन व्यवहार एकत्र केले ते येथील बोलीत कधीच एक नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने घट्ट झाले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येतून धनुष्यबाणाचा नामनिर्देश गेला. इजा किंवा बचाव यांसाठी बनविलेल्या वस्तू, तीक्ष्ण धारेची व अन्य प्राणघातक शस्त्रे अशी सामान्य भाषा आली. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू वगळण्यात आल्या. बंदुकीखेरीज अन्य शस्त्रांना परवान्याची गरज केंद्र सरकारने त्या प्रदेशासाठी तशी अधिसूचना काढली तरच. आणि १९६२ च्या नियमांतील त्या वर्गाच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांची नावे असली तरी धनुष्याचे नाव नव्हते. १८७८ मध्ये ज्याला तोफेच्या पंक्तीला बसविले होते ते साधन असे निमूटपणे पंक्तीतून उठले. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस अधिनियमातील सदतिसाव्या कलमाखाली तात्पुरता मनाई आदेश निघाला तर गोष्ट वेगळी. पण तो आदेश काठीलाही लागू होतो.

परंतु धनुष्य १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात परत आले. त्यातील 'शस्त्र' या संज्ञेत दारूगोळा, स्फोटके, बंदुका, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फासे यांच्यासह धनुष्य व बाण स्पष्टपणे अंतर्भूत आहेत, आणि एकतिसाव्या कलमान्वये लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करण्यास मनाई आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही तीच तरतूद लागू केलेली आहे. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी देता येतो त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार ही आहेत; कोणत्याही क्रीडेचा सराव त्यांत नाही. थोडक्यात वुडस्टॉकचे सूत्र येथे पुन्हा अवतरले. वस्तू आणि स्थळ यांची गाठ पडली की पुरे. वन्य प्राण्यांची झालेली हानी लक्षात घेता अभयारण्यापुरते हे कठोर सूत्र समर्थनीयच आहे. मात्र बाणाचे टोक पाहण्याची दृष्टी त्यात नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत ज्यांची गावे आहेत त्यांच्या बाबतीत 'प्रवेश' या शब्दाचा अर्थ काय करावयाचा हेही त्यातून सहज उलगडत नाही. आत जन्मलेला मनुष्य प्रवेश केव्हा करतो?

याच सुमारास राज्याला धनुर्धारी पुन्हा हवेसे झाले. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येचे पुनरागमन झाले. १९७३ मध्ये भारतीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली. आणि १९८० नंतरच्या दशकात सरकारी क्रीडायंत्रणेने आदिवासी भागांत उपजत नेमबाज शोधण्याचा उपक्रम हाती घेतला. राजस्थानातील लिंबाराम हे त्यांतून पुढे आलेले सर्वांत प्रसिद्ध नाव. बालपणी बांबूच्या धनुष्यावर त्यांचा हात बसला होता. १९८७ मध्ये त्यांची निवड झाली, १९८८, १९९२ आणि १९९६ या तीन ऑलिंपिकमध्ये ते खेळले, आणि १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत तीस मीटर अंतरावर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून त्यांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. निवड करणाऱ्यांनी तयार हात पाहिला. तो हात कोठे तयार झाला, त्या भूमीची विधिस्थिती काय, हा प्रश्न कोणत्याही निवडपत्रकात असण्याचे कारण नव्हते. १३६३ च्या राजाज्ञेनेही तो विचारला नव्हता. पण त्या काळच्या गावाला नेमाचे बुरूज तरी होते.

आजच्या कायद्यात या प्रश्नाला जागा सापडण्याची शक्यता निर्माण झाली ती २००६ च्या वन हक्क अधिनियमाने. त्यात गावाच्या सोयींसाठी वनभूमी वळविण्याची जी तरतूद आहे तिच्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा गोष्टी आहेत. क्रीडांगण त्यांत नाही. तेव्हा तो मार्ग बंद. खुला आहे तो दुसरा. रूढीने उपभोगलेला अन्य कोणताही पारंपरिक हक्क मान्य करणारे एक व्यापक उपकलम तिसऱ्या कलमात आहे, आणि त्याच वाक्याने शिकार करण्याचा, सापळा लावण्याचा व वन्य प्राण्याच्या शरीराचा भाग काढण्याचा पारंपरिक हक्क वगळला आहे. वगळणूक इतकी स्पष्टपणे शब्दबद्ध असताना जे वगळलेले नाही ते उरते, असा अर्थ लावणे न्याय्य ठरेल. निर्जीव खुणेवर नेम धरण्याची रूढी, तीत झाड तुटत नाही, जमीन साफ केली जात नाही आणि प्राणी मरत नाही, अशा स्वरूपात सिद्ध झाली तर अभयारण्याबाहेरच्या वनात तरी ती या उपकलमाखाली मागता येईल.

सिद्ध करण्याची रीत मात्र लक्षात घेतली पाहिजे. सामूहिक हक्कांच्या दाव्याच्या नमुन्यात इतर पारंपरिक हक्कांसाठी एक रकाना आहे. अधिनियमाखालील २००७ च्या नियमांतील तेराव्या नियमात ग्राह्य पुराव्यांची जी यादी आहे तीत, दावेदारांखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन हाही एक पुरावा आहे. म्हातारा मनुष्य आपल्या बोलीत सांगतो, वनहक्क समितीचा कोणी शिकलेला तरुण किंवा एखादा कर्मचारी ते मराठीत लिहून घेतो. 'या माळावर आमचे आजे-पणजे तीरकामठा खेळत' हे वाक्य कागदावर 'येथे पूर्वापार शिकार होत असे' असे उतरले, तर तो हक्क वगळलेल्या शब्दांत जाऊन पडतो. 'येथे पूर्वापार नेम धरीत असत' असे उतरले, तर तो उरतो. बोलणाऱ्याला या दोन वाक्यांतील अंतर माहीत असते. लिहिणाऱ्यापुढे मात्र बहुधा रकाना असतो, आणि त्यात एकाच शब्दाची जागा असते.